मुंगीच्या पावलांनी येणारे दुखणे

मराठीत एक म्हण आहे : दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते. पटकी, देवी, प्लेग यांच्या काळात तिला अर्थ होता, आणि तशा दुखण्यांपुरती ती आजही खरी आहे. परंतु दुखण्यांची एक जात अशीही आहे, की जी मुंगीच्या पावलांनी येते आणि जाण्याचे नाव घेत नाही. शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच शरीरातील पेशींना परके समजू लागते. मग सांधे, त्वचा, मूत्रपिंडे, डोळे, रक्त यांपैकी कधी एकावर, कधी अनेकांवर तिचा रोख वळतो. वैद्यकात या रोगांना ऑटोइम्यून म्हणतात. मराठीत त्यांना स्वयंप्रतिकार रोग असे म्हटले जाते. पण तो शब्द पाठ्यपुस्तकाच्या बाहेर फारसा पडलेला नाही. रूमॅटॉइड संधिवात आणि ल्यूपस ही त्यांतली दोन प्रमुख नावे. दोन्ही रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतात : पहिला सुमारे तिप्पट, दुसरा सुमारे नऊपट.

या रोगांविषयी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत जे लेख येतात, त्यांचा शेवट ठरलेला असतो : 'रुग्णाने वेळ न दवडता योग्य तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.' आमचा आक्षेप या वाक्याला आहे. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे नाही. पण त्याचा कर्ता चुकला आहे. जे काम एका व्यवस्थेने करायचे, ते या वाक्याने अलगद रुग्णाच्या गळ्यात टाकले. आणि ते तिला जमले नाही, की 'उशीर केला' हा दोषही तिच्याच पदरात टाकण्याची सोय करून ठेवली. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना हे प्रकरण आपले नाही असे वाटण्याचा संभव आहे. ते आपलेच कसे आहे, हे दाखवण्याचा हा प्रयत्न.

शहागड हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले, गोदावरीच्या डाव्या तीरावरचे गाव. सोलापूर-धुळे महामार्ग इथे पुलावरून नदी ओलांडतो. पलीकडे बीड जिल्हा लागतो. ऊस, कापूस, मोसंबी हा मुलूख. नाथांचे पैठण याच नदीच्या वरच्या अंगाला, आणि समर्थांचे जांब याच जिल्ह्यात. म्हणजे संस्कृतीच्या नकाशावर ठळक असलेला हा प्रदेश आहे. वैद्यकाच्या नकाशावर मात्र तो एका लांब रस्त्याच्या मधोमध आहे. छत्रपती संभाजीनगर सत्तर-ऐंशी किलोमीटर, पुणे दोनशे किलोमीटरांहून दूर. रस्ता चांगला आहे, हे मान्य. पण रस्ता असणे आणि वाट सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आमच्या एका विद्यार्थ्याची आई या परिसरातली. वय पस्तिशीच्या पुढचे. तिने आम्हांला आपले दुखणे सांगितले, ते असे : "सर, सकाळी हात माझे नसतेत. दुपारपस्तोर कुणीतरी आणून देतंय." या दोन वाक्यांत काय काय आहे, ते नीट पाहावे. सकाळी सांधे आखडतात. आखडलेपण तासांनी मोजण्याइतके टिकते. हालचालीने ते ओसरते. आणि दुखणे एका बोटाचे नसून दोन्ही हातांचे आहे. हाडांची झीज होऊन जे सांधे दुखतात, त्यांची तऱ्हा सहसा उलटी असते : विश्रांतीने बरे वाटते, वापराने दुखते, आणि सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. दाहामुळे दुखणाऱ्या सांध्यांना विश्रांती सोसत नाही. रूमॅटॉइड संधिवात ओळखण्यासाठी अमेरिकन संधिवात-वैद्यकांच्या संघटनेने १९८७ साली जे सात निकष मांडले, त्यांतला पहिलाच निकष किमान एक तास टिकणारे सकाळचे आखडलेपण हा होता. निकषांना जे सांगायला एक परिच्छेद लागतो, ते त्या बाईने एका प्रतिमेत सांगितले होते.

आणि हे वाक्य कुठल्याही केसपेपरवर नाही. आम्ही तिची सारी कागदपत्रे पाहिली आहेत. त्यांवर इंग्रजीत 'सांधेदुखी' एवढेच आहे; एका ठिकाणी 'अंगदुखी', एका ठिकाणी 'अशक्तपणा'. गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली, चार दिवस बरे वाटले. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे काढला, कॅल्शियम दिले. गालावर चट्टा उठला म्हणून ती त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली; त्यांना सांध्यांविषयी सांगावे असे तिला वाटले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही. केस गळतात, ही तक्रार तिने कुणालाच सांगितली नाही. कारण केस गळणे हे दुखणे नव्हे अशी तिची समजूत. कुणी युरिक ॲसिडचा संशय घेतला, कुणी रक्त कमी आहे म्हणाले. जुने लोक म्हणाले, चिकनगुनियाचे राहिलेले आहे. ही शेवटची समजूत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २००६ साली राज्यात चिकनगुनियाची मोठी साथ आली, आणि त्या तापानंतर कित्येकांचे सांधे महिनोन् महिने दुखत राहिले. तेव्हापासून या भागात सांध्यांच्या प्रत्येक दुखण्याला एक तयार नाव मिळाले. तयार नाव मिळाले की प्रश्न विचारणे थांबते, हे साहित्यसमीक्षेच्या वाचकांना तरी समजावून सांगावे लागू नये.

येथे आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. रक्ताचा एक अहवाल आला आणि रोग ठरला, असे या रोगांत सहसा होत नाही. 'आरए फॅक्टर' ही तपासणी काही निरोगी वृद्धांत, कावीळ 'सी'सारख्या दीर्घ संसर्गांत, क्षयात आणि कुष्ठरोगातही होकारार्थी येऊ शकते. उलट खरोखरीचा रूमॅटॉइड संधिवात असलेल्या अनेकांत ती नकारार्थी येते. ल्यूपसच्या संशयात करतात ती 'एएनए' तपासणी, तिची पातळी अगदी कमी धरली, म्हणजे चाळिसास एक, तर धडधाकट माणसांपैकीही तीसेक टक्क्यांत ती होकारार्थी निघते. म्हणजे अहवालातील 'पॉझिटिव्ह' या शब्दाला संदर्भाशिवाय अर्थ नाही. संदर्भ कुठला? तर रुग्णाचे कथन : काय, केव्हापासून, कुठल्या क्रमाने, दिवसाच्या कुठल्या प्रहरी, कशाने वाढते, कशाने कमी होते, आणि जे एकमेकांशी संबंधित नाही असे वाटते, ते सगळे. तोंडातले फोड, उन्हात उठणारा चट्टा, गळणारे केस, गर्भपात, थंडीत पांढरी पडणारी बोटे, लघवीला येणारा फेस. या विखुरलेल्या खुणांमध्ये संगती शोधणे हेच निदान. शब्द वापरायचाच तर ते एक वाचन आहे. आणि संहिताच हाती आली नाही, तर वाचक कितीही व्यासंगी असला तरी काय वाचणार?

तज्ज्ञ शोधण्याच्या प्रवासात ही संहिता नष्ट होते. हे आम्ही अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. सकाळी सहाची एसटी गाठून ती बाई शहरात पोचते, नंबर लावते, आणि तिला आत बोलावले जाते तेव्हा दुपार झालेली असते. तोवर बोटे मोकळी झालेली असतात. सकाळी ज्या हातांनी पदराची गाठ सुटली नाही, ते हात डॉक्टरांसमोर मूठ वळून दाखवतात. घरची माणसेही साक्ष देतात ती तिच्या विरुद्धच : "दुपारी तर बरी असते की." तो रोगच असा आहे की काम केल्याने तो तात्पुरता ढिला पडतो, त्यामुळे कामचुकारपणाचा आरोप त्याच्यासारखा दुसऱ्या कुठल्याच रोगाला चिकटत नाही. दुसरे, गावातून निघण्याआधी चार दिवस घेतलेल्या सुईत किंवा पुडीतल्या गोळीत स्टिरॉइड असेल, तर सूज उतरलेली असते, चट्टा फिका झालेला असतो, रक्तातील दाहाचे आकडे खाली आलेले असतात. स्टिरॉइड हे काही विष नव्हे. कॉर्टिझोनवरील कामासाठी हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आजही ल्यूपसच्या रुग्णांचे प्राण ते वाचवते. पण नाव न सांगता, नोंद न करता दिलेले स्टिरॉइड हे पुरावा पुसणारे औषध आहे. तज्ज्ञाच्या दारात रुग्ण पोचते ती दुखणे मागे ठेवून, आणि दार ओलांडून घरी आली की दुखणे पुन्हा हजर.

या अवस्थेत वाया गेलेला वेळ फुकट जात नाही. रूमॅटॉइड संधिवातात सांध्यांचे कायमचे नुकसान पहिल्या दोनेक वर्षांतच सुरू होऊ शकते, आणि उपचार पहिल्या काही महिन्यांत सुरू झाला तर त्याचा गुण अधिक येतो. ल्यूपसमध्ये मूत्रपिंडे बिघडतात ती मुकाट्याने. दुखत नाही, म्हणून कुणी पाहत नाही. आणि पाहायला लागते काय? आधी लघवीची साधी तपासणी. ती करायला तज्ज्ञ लागत नाही, शहर लागत नाही. ती करून घ्यावी असे सुचणारा माणूस लागतो. आमच्या विद्यार्थ्याच्या आईची लघवी पहिल्यांदा तपासली गेली, ती पहिली सुई दिल्याला दोन वर्षे उलटल्यावर. तपासणीत प्रथिने निघाली. आज ती उपचार घेते आहे. बोटे मात्र पूर्ण सरळ होत नाहीत. 'आधी का नाही आलात?' असे तिला विचारले गेले. ती सहा ठिकाणी आलेली होती.

यावर उत्तर येते ते ठाऊक आहे : हे रोग विरळ आहेत, गोरगरिबांचे प्रश्न निराळे आहेत, आधी क्षय आणि पंडुरोग पाहू. विरळ? पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली डॉ. अरविंद चोपडा यांच्या पथकाने घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगातून आखलेल्या 'कॉपकॉर्ड' या कार्यक्रमाचा तो भाग होता. चार हजारांहून अधिक प्रौढांना विचारले गेले. १८ टक्क्यांच्या आसपास लोकांना सांधे, स्नायू, हाडे यांचे काही ना काही दुखणे होते, आणि रूमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. दोनशे प्रौढांमागे एक. हेच प्रमाण धरले तर दहा हजार प्रौढांच्या पट्ट्यात पन्नास माणसे होतात, आणि त्यांत बायाच अधिक. ज्या गावात दोनशे प्रौढ आहेत, त्या प्रत्येक गावात सकाळी हात हरवलेली एक व्यक्ती आहे, असे या आकड्याचे साधे मराठी भाषांतर. भिगवणची गोष्ट आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. तिथे दुखणे तज्ज्ञाच्या शोधात निघाले नाही. तज्ज्ञ दुखण्याच्या शोधात निघाले. स्थानिक स्वयंसेवकांनी दारोदार जाऊन प्रश्न विचारले, आणि जी दुखणी कधी केसपेपरवर आली नसती ती कागदावर आली. हे महाराष्ट्रात, मराठीत, एका खेड्यात घडून गेले आहे. म्हणून 'आपल्याकडे हे अशक्य' असे म्हणण्याची सोय उरलेली नाही.

सरकारी कार्यक्रमांची भाषाही पाहावी. २०१० साली असंसर्गजन्य रोगांसाठी जो राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या नावात कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात होते, सांधे नव्हते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना गरिबांना मोठा आधार आहे, यात शंका नाही. पण तिचा ढाचा मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती उभा आहे. ज्या रोगात पहिली दोन वर्षे दाखल होण्यासारखे काही 'होत' नाही, नुसते हेलपाटे होतात, त्या वर्षांची तिकिटे, तपासण्या आणि बुडालेली मजुरी कुणाच्या हिशेबात येत नाही. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट. संभाजीनगरात घाटी रुग्णालय आहे, खाजगी संधिवाततज्ज्ञही आहेत. प्रश्न ते आहेत की नाहीत हा नाही. शहागडच्या बाईला 'संधिवाततज्ज्ञ' नावाचा एक निराळा डॉक्टर असतो, तो हाडांच्या डॉक्टरांहून वेगळा असतो, हे सांगणारी चिठ्ठी पहिल्या दारातच का लिहिली जात नाही, हा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. मराठी साहित्य या अन्यायात निर्दोष नाही, असे आमचे मत आहे. दुखणे सोसणारी बाई आम्ही किती प्रेमाने रंगवली! पहाटे उठून, कण्हत न कण्हत, जाते ओढणारी, भाकरी थापणारी, कुणाला न सांगता संसार रेटणारी आई. तिच्या मूकपणाला आम्ही थोरवी म्हटले, आणि त्या थोरवीवर प्रश्नपत्रिका काढल्या : 'आईच्या सोशिक व्यक्तिरेखेचे विशेष सांगा.' एकाही प्रश्नपत्रिकेने विचारले नाही, की ही बाई सोसते आहे ते काय? तिला नेमके काय झाले आहे? ग्रामीण साहित्याच्या समीक्षेत 'दुःख' हा शब्द जितक्या वेळा येतो, त्याच्या शतांशानेही 'दुखणे' हा शब्द येत नाही. दुःख आम्हांला अर्थपूर्ण वाटते. दुखणे नुसते वैद्यकीय. पण दुःखाला उतारा नसला तरी दुखण्याला पुष्कळदा असतो. दुखण्याचे दुःख करून टाकले, की उताऱ्याचा विचार आपोआप बाद होतो. सोशिकपणा हे निदान पुढे ढकलण्याचे सुसंस्कृत नाव आहे.

दुसरा अपराध रूपकाचा. सुझन सोंटॅग यांनी कर्करोगाच्या स्वानुभवानंतर १९७८ साली आजाराच्या रूपकांवर पुस्तक लिहिले. आमच्या विद्यापीठांत त्याचा उल्लेख होतो, परंतु त्याचा बोध कुणी घेतलेला दिसत नाही. ऑटोइम्यून म्हटले की आमच्या लेखण्या सरसावतात : कुंपणानेच शेत खाल्ले, घरचाच भेदी, शरीराची यादवी, आत्मद्रोह. रूपक म्हणून छान आहे. पण आत्मद्रोह म्हटले की द्रोही कोण? ती बाईच. तिने मनाला लावून घेतले, तिने राग गिळला, तिने टेन्शन घेतले, म्हणून शरीर उलटले : रूपकातून उपदेशापर्यंतचा हा रस्ता फार उताराचा आहे. आणि तो 'सगळे मानसिक आहे' या गावी जाऊन थांबतो. मानसिक ताणाचा शरीरावर परिणाम होत नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण लघवीतून जाणारी प्रथिने प्रवचनाने थांबत नाहीत.

एका शब्दाची तर आम्ही पूजाच मांडली आहे : प्रतिकारशक्ती. २०२० नंतर ती वाढवणे हा जणू नागरिकांचा धर्म झाला. काढे, चूर्णे, गोळ्या यांचा पूर आला. ज्या रोगात प्रतिकाराची यंत्रणाच दिशा चुकलेली असते, त्यात डॉक्टर ती यंत्रणा शांत करू पाहतात. आणि शेजारीण त्याच बाईला ती वाढवण्याची पुडी आणून देते. शब्द निरपवाद चांगला मानला की असे होते. त्याच वर्षी मार्चमध्ये आणखी एक गोष्ट घडली. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्यूपस आणि संधिवाताच्या रुग्णांचे रोजचे औषध कोविडवर चालते अशी हवा उठली, आणि दुकानांतून ते दिसेनासे झाले. ज्यांना त्याचा उपयोग होत होता, ते औषधासाठी वणवण फिरले. ज्यांनी साठवले, त्यांना कोविडमध्ये त्याचा गुण येत नाही हे पुढे मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले. या रुग्णांची बाजू मांडणारा मराठी लेख त्या वर्षी आमच्या पाहण्यात आला नाही. काढ्यांवरचे पुष्कळ आले.

'मराठीत वैद्यकीय परिभाषाच नाही, मग बाई सांगणार कशी?' असा युक्तिवाद आमच्याच भाषाविभागांतून ऐकू येतो. तो खोटा आहे. आमवात या रोगाचे स्वतंत्र वर्णन माधवनिदानात आहे. म्हणजे सांध्यांची सूज आणि साधी झीज या निराळ्या गोष्टी आहेत, ही जाण या भूमीला शतकानुशतके आहे. आणि ग्रंथ सोडा. ठणका, कळ, चमक, सणक, सल, उसण, लचक, आखडणे, धरणे, जखडणे, बधिर होणे, मुंग्या येणे : यांतला प्रत्येक शब्द वेगळी वेदना सांगतो. ठणका रात्री झोपू देत नाही. चमक हलल्यावर येते. उसण एकाएकी भरते. जखडणे हे दुखण्याहून वेगळे. ही सारी संपत्ती दवाखान्याच्या दारात 'सांधेदुखी' या एका शब्दात विरघळते. दारिद्र्य बोलणारीच्या भाषेत नाही. ते लिहून घेणाऱ्याच्या कागदात आहे.

आणि हा कागद किती महत्त्वाचा, याचा एक कडू दाखला पुलाच्या पलीकडे आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ साली राज्य सरकारने समिती नेमली. त्या वेळी ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली. त्यांतील १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या प्रश्नाची कारणे निराळी आहेत आणि ती गुंतागुंतीची आहेत. दोन्हींची सरमिसळ आम्हांला करायची नाही. पण एक धडा समान आहे. बाईच्या तक्रारीचे नीट वाचन झाले नाही, तर तिचे दोनच शेवट होतात : तक्रार तरी टाकून दिली जाते, नाही तर अवयव.

वैद्यकाच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. रूमॅटॉइड संधिवाताचे निकष २०१० साली नव्याने बांधले गेले. त्यांत किती सांधे, रक्तातील कोणती प्रतिपिंडे, दाहाचे आकडे आणि लक्षणांचा कालावधी यांना गुण आहेत. सकाळच्या आखडलेपणाला गुण नाहीत. हे निकष मुळात संशोधनासाठी, रुग्णांचे वर्गीकरण करण्यासाठी आहेत, आणि नव्या मांडणीमागे रोग लवकर पकडण्याचा चांगला हेतू आहे, हे आम्ही जाणतो. चांगला डॉक्टर आजही पहिला प्रश्न सकाळचाच विचारतो. तरी एक भीती वाटते. ज्या शहरात प्रतिपिंडांची तपासणी कोपऱ्यावर होते, तिथे रुग्णाचे वाक्य गळाले तर फारसे बिघडत नाही. शहागडला मात्र त्या वाक्याखेरीज दुसरे काय आहे?

मग मागणी काय? प्रत्येक गावात संधिवाततज्ज्ञ द्या, असे आम्ही म्हणत नाही. ते हास्यास्पद होईल. मागणी लहान आहे, म्हणूनच ती टाळण्याला सबब नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात सांधे दुखणाऱ्या प्रत्येक स्त्रीला चार प्रश्न विचारले जावेत : सकाळी किती वेळ आखडते, सहा आठवड्यांहून अधिक काळ सूज आहे काय, उन्हात चट्टा उठतो काय, तोंडात फोड येतात काय. उत्तरे तिच्या शब्दांत लिहिली जावीत. लघवी आणि ईएसआर तपासला जावा. सुई देण्याआधी हातांचा एक फोटो निघावा. आज तो कुणाच्याही फोनमध्ये निघतो. सुईत काय होते, ते तिच्या कागदावर लिहावे. आणि संशय राहिला, तर 'मोठ्या दवाखान्यात दाखवा' असे मोघम न म्हणता कुठल्या शाखेच्या डॉक्टरांकडे, कुठल्या वारी, हे चिठ्ठीत असावे. जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस संधिवाततज्ज्ञ बसू शकतो. दूरवैद्यकाची 'ई-संजीवनी' सेवा देशात २०१९ पासून आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज घेतले तर ते जिवावर बेतते, हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, वार छापून पाकिटावर लिहायला तर कुठल्याच तज्ज्ञाची वाट पाहायला नको.

आणि आपण? मराठीच्या प्रत्येक विभागात कथनमीमांसा शिकवली जाते. निवेदक कोण, काळाचा क्रम कसा, काय सांगितले आणि काय गाळले, हे आमचे विद्यार्थी कादंबरीत शोधतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत हेच विद्यार्थी खेड्यांत जातात, रस्ता झाडतात, भिंतींवर घोषणा लिहितात, आणि परत येतात. त्यांनी एकदा झाडू खाली ठेवून, परवानगी घेऊन, शेजारी बसून एकेका बाईचे दुखणे तिच्याच शब्दांत, तारखांसह, एका पानावर लिहून तिच्या हाती दिले, तर तो कागद तिच्या वतीने शहरातल्या दुपारीही सकाळविषयी बोलेल. निदान करण्याचा उद्योग त्यांनी करू नये. औषध तर मुळीच सुचवू नये. फक्त ऐकावे आणि लिहावे. संहिता जपणे हे आपले काम आहे ना? मग ही एक जपू या. यात करुणेचा अभिनिवेश नको. आपल्या विषयाचा हा साधा उपयोग आहे.

२०२३ साली शहागडजवळच्या अंतरवाली सराटीत साऱ्या राज्याचे कॅमेरे आले होते. उपोषणकर्त्यांच्या प्रकृतीची बातमी रोज, कधी तासातासाने दिली जाई, आणि ती द्यायलाच हवी होती. एका माणसाच्या प्रकृतीकडे सारे राज्य इतके बारीक लक्ष देऊ शकते, हे त्या दिवसांनी दाखवले. त्याच रस्त्यावरून, त्याच दिवसांत, सकाळी सहाच्या एसटीने काही बाया प्लॅस्टिकच्या पिशवीत फायली घेऊन शहराकडे निघाल्या असतील. त्यांची बातमी होण्याचे कारण नव्हते. पण त्यांचे म्हणणे निदान एका कागदावर तरी यायला हवे होते.

ती बाई परवा फोनवर म्हणाली, "आता सकाळचे हात माझेच असतेत, सर. थोडे वाकडे हायेत, पण माझे हायेत." आम्ही हे वाक्य तारीख घालून लिहून ठेवले आहे. पुढच्या भेटीला ती ते डॉक्टरांना दाखवणार आहे.